वालाच्या शेतात पाखरांची वाट

वडखळचा नाका मागे पडला की जानेवारीत रस्त्याच्या कडेला मडकी दिसू लागतात. मडक्यांशेजारी वालाच्या शेंगांचे ढीग आणि भांबुर्डीच्या पाल्याच्या जुड्या. पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा, लावायला या तीन गोष्टी लागतात, चौथा विस्तव. मी रविवारी पेणहून गावी निघते तेव्हा दिवसभराच्या कामांचा क्रम डोक्यात लागलेला असतो. आधी घर उघडून झाडायचं, मग टाकी धुवायची, मग शेत, आणि उजेड आहे तोवर परत. मध्ये थांबायला त्यात जागा नसते. तरी भांबुर्डीचा तो उग्र वास गाडीत शिरला की मी ह्यांना गाडी हळू घ्यायला सांगते.

"घ्यायच्यात का शेंगा?" हे विचारतात.

घ्यायच्या नसतातच. आमच्या शेतात आहेत. मला नुसता वास हवा असतो. त्याच्या मागोमाग एक हिवाळा येतो. त्या हिवाळ्यात आमचं अख्खं घर पाखरांची वाट बघत बांधावर बसलं होतं.

माझं माहेर पेणचं, बाजारपेठेतलं. शेत म्हणजे एसटीच्या खिडकीतून दिसतं ते, एवढीच माझी ओळख. लग्न होऊन नागोठणे आणि रोहा यांच्या मधल्या या वाडीत आले तेव्हा भात कापून झालेल्या रिकाम्या जमिनीत सासूबाई वाल पेरत होत्या. मी विचारलं, "याला पाणी कुठून देणार?" त्या वर न बघता म्हणाल्या, "वरून." मी आकाशाकडे पाहिलं, तिथे ढगाचा ठिपका नव्हता. त्यांना दव म्हणायचं होतं. जमिनीतली उरलेली ओल आणि पहाटेचं दव, एवढ्यावर वाल वाढतो हे मला त्या वर्षी कळलं. सकाळी शेतात गेलं की साडी गुडघ्यापर्यंत भिजायची आणि पायांना वालाच्या पानांचा हिरवा, कडवट वास चिकटायचा. तो वास साबणाने जात नाही. दुपारी हातावर पुन्हा येतो.

भात घरातल्या सगळ्यांचं, पण वाल सासूबाईंचा. कधी पेरायचा, कधी तोडायचा, कुणाला किती द्यायचा, यात सासरे पडत नसत. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. बुटके, बोलके, सतत काहीतरी दुरुस्त करणारे. सासूबाईंचं बी त्यांच्या माहेरचं होतं. दाणा बारीक, तपकिरी, चवीला कडवा. सोलून बिरडं केलं की त्या कडूपणाची नुसती चाहूल लागते आणि पुढचा घास घ्यावासा वाटतो. बाजारातल्या टपोऱ्या गोड वालाला सासूबाई वाल म्हणायलाच तयार नसत. "ते आजाऱ्याचं खाणं," म्हणायच्या.

त्या हिवाळ्याआधीच्या पावसात आंबा नदीचं पाणी वाडीत शिरलं. आमच्याकडे पाणी नवीन नाही, पण त्या वर्षी ते ओटी चढून माजघरात आलं. राख लावून मडक्यांत भरून ठेवलेलं वालाचं बी सगळ्याच घरांत भिजलं. पाणी ओसरलं तेव्हा मडक्यामडक्यात मोड आले होते. एरवी वालाला मोड आले की घरात आनंद असतो. पण गाळाचा वास मारणारे ते मोड बायकांनी मुकाट्याने परसात नेऊन ओतले. आमच्याकडे एक डबा माळ्यावर राहिला होता, कुणीतरी विसरलं म्हणून. अख्ख्या वाडीत तेवढंच कडव्या वालाचं बी उरलं. ते एका तुकड्यात पेरलं. बाकीच्या जमिनीत, आणि वाडीतल्या बाकी सगळ्यांच्या शेतात, बाजारचं बी पडलं.

म्हणून त्या तुकड्याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. शेजारच्या शेतातल्या जनाकाकू येता-जाता बांधावर उभ्या राहायच्या. "जप गो बाय, माझापण वाटा हाय त्यात," असं सासूबाईंना ऐकवायच्या.

फुलं आली आणि फुलांमागोमाग अळी आली. हिरवी, बोटाच्या पेराएवढी. शेंगेला भोक पाडून डोकं आत खुपसायची आणि मागचं अंग बाहेर ठेवून निवांत जेवायची. एक दाणा संपला की पुढचा. सासूबाईंनी पहिली पोखरलेली शेंग घरी आणून ओटीवर ठेवली. मामांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि उठून माळ्याची शिडी लावली. माळ्यावर फवारायचा पंप होता.

"शिडी काढा," सासूबाई म्हणाल्या.

"अगो, बी जाईल."

"जाऊ दे. शिडी काढा आधी."

आदल्या वर्षी मामांनी तोंडाला पंचा गुंडाळून वालावर औषध मारलं होतं, वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून. घरी आले ते ओटीवर बसले आणि त्यांना उठताच येईना. उलट्या, हातपाय थरथरतायत, तोंडाला फेस. रोह्याच्या दवाखान्यात रिक्षाने नेलं. मी मागे बसले होते, सासूबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन. वाटभर त्या पदराने त्यांचं तोंड पुसत राहिल्या. मामा बरे झाले. पंप घासूनपुसून माळ्यावर गेला तो सासूबाईंनीच ठेवला होता, स्वतः शिडी चढून.

आता तिढा असा होता. फवारलं नाही तर बी जाणार. फवारायचं तर मामाच फवारणार, कारण ते दुसऱ्या कुणाला पंपाला हात लावू देत नसत. आणि सासूबाईंना बी हवं होतं, मामाही हवे होते. हे त्या असं बोलून दाखवणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या फक्त शिडीजवळ बसून तांदूळ निवडू लागल्या. जेवणं झाली तरी तिथेच.

मला अशा वेळी गप्प बसवत नाही. कुणाला विचारायचं, कुठे जायचं, हे ठरवल्याशिवाय मला घास गिळवत नाही. दुसऱ्या दिवशी नागोठण्याला जाऊन मी कृषी सहायक मॅडमना गाठलं. संध्या मॅडम, माझ्याच वयाच्या, स्कूटीवर गावोगाव फिरणाऱ्या. त्या संध्याकाळी आल्या, शेतात वाकून वाकून फिरल्या. मग म्हणाल्या, "अळी अजून लहान आहे. विष नको. हिला खाणारे आपल्याकडे फुकट आहेत, त्यांना बोलावू."

"कोण?" मामांनी विचारलं.

"पाखरं."

जनाकाकू बांधावर होत्याच. त्या पदर तोंडाला लावून हसल्या ते आम्हाला सगळ्यांना ऐकू गेलं.

मॅडमनी सांगितलं ते सोपं होतं. शेतात ठिकठिकाणी उंच काठ्या रोवायच्या, प्रत्येकीच्या डोक्यावर एक आडवी काठी बांधायची. पाखरू त्यावर बसेल, खाली बघेल, अळी दिसली की उतरेल. सुरुवातीला यायची सवय लागावी म्हणून हळद घालून शिजवलेला भात शेतात टाकायचा. जोडीला सकाळी हातानेही अळ्या वेचायच्या. याने आवरलं नाही तर त्यांच्याकडे आणखी एक उपाय होता, तो त्या नंतर सांगणार होत्या.

मी काठ्या तोडून आणल्या, सुतळी कापून ठेवली, हे आणि मी मिळून एका सुट्टीत सगळं रोवून टाकलं. पिवळा भात टाकला. जनाकाकू म्हणाल्या, "पितरांना वाढलंस काय गो शेतात?" खरंच, आधी कावळेच आले.

नंतर पाखरू फिरकेना. एक सकाळ गेली, दुसरी गेली. हे पहिल्या शिफ्टला जायचे, मला घरातलं होतं, म्हणून शेताकडे एक-दोन दिवस मामाच गेले. मी गेले तेव्हा लांबूनच थबकले. आमच्या वालात माणसं उभी होती. हात पसरून, रांगेने, निळे शर्ट घालून. जवळ गेले तर प्रत्येक काठीवर ह्यांचा कंपनीतला जुना शर्ट चढवलेला, आडव्या काठीत बाह्या ओवलेल्या, आणि डोक्यावर चुना फासलेलं मडकं. मडक्यांना डोळे, मिश्यासुद्धा काढल्या होत्या. मामा बांधावर बसून कामाकडे समाधानाने बघत होते.

"तुमी नुसतीच हाडं रोवून गेलात," ते म्हणाले. "म्हटलं, पुरं करू."

चूक त्यांची तरी कशी म्हणायची? भाताच्या दिवसांत आडवी-उभी काठी रोवायची ती पाखरं हाकलण्यासाठी, हे त्यांनी जन्मभर केलेलं. तसलीच काठी पाखरं बोलावण्यासाठी रोवतात, हे त्यांच्या हातांना पटलंच नव्हतं. मॅडमचं बोलणं त्यांनी मान डोलावून ऐकलं होतं, पण हात आपल्या सवयीने चालले.

जनाकाकूंना तर पर्वणीच. "काय गो, कंपनी शेतात आणलीस काय? ही फर्स्ट शिफ्ट की सेकंड?" मग मडक्यांकडे बघून, "ह्यो मिश्यावाला सुपरवायझर असंल!"

सासूबाई आल्या, त्यांनी पाहिलं, आणि त्या हसायला लागल्या. पुरानंतर मी त्यांना तशा हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता त्यांनी एक पान उलटं केलं आणि त्या थांबल्या. अळ्या जाड झाल्या होत्या.

आता मागे वळून बघताना वाटतं, मला त्या हिवाळ्यात सगळ्यात जड गेलं ते थांबणं. काम दिसलं की संपवायचं, असा माझा स्वभाव. हा मामला वेगळा होता. शर्ट काढले, मडकी उतरवली, आणि पुढे करण्यासारखं काही उरलं नाही. बांधावर लांब बसायचं, हालचाल करायची नाही, बोलायचं नाही. शेजारच्या शेतातून जनाकाकूंच्या मुलाने फवारलेल्या औषधाचा वास यायचा आणि मामा नाकाने तो ओढून घेत म्हणायचे, "त्यांचं झालंपण." सासूबाई सरकून मामांच्या आणि शेताच्या मध्ये बसायच्या.

आणि मग कोतवाल आला. काळा, लांब दुभंगलेल्या शेपटीचा, जरा ऐटबाज. आडव्या काठीवर बसला, मान एकदा इकडे, एकदा तिकडे. खाली झेपावला आणि परत येऊन बसला तेव्हा त्याच्या चोचीत हिरवं काहीतरी वळवळत होतं. ते त्याने काठीवर आपटलं आणि गिळलं.

मामांनी माझा हात घट्ट धरला. "खाल्ली," ते कुजबुजले. "खाल्ली बघ."

साळुंक्या आल्या, त्या पायी पायी ओळींतून फिरायच्या, भाजीबाजारात फिरल्यासारख्या. मामांना आता पाखरांचं वेडच लागलं. कोण कुठल्या काठीवर बसतं, कोण कुणाला उठवतं, हे घरी जेवताना सांगायचे. कुणी मोठ्याने बोललं तर स्वतःच "श्शू" करायचे. शर्ट ज्यांनी चढवले तेच.

पण वाया गेलेले दिवस भरून येत नव्हते. पाखरं खात होती तरी अळ्या जास्त होत्या, आणि जाड झालेल्या अळ्या शेंगेत डोकं घालून बसल्या की चोचीला लागत नसत. मी मॅडमना पुन्हा बोलावलं. त्यांनी एक छोटी बाटली आणली. त्यात अळीलाच होणारा एक रोग होता. माणसाला, गुराला, पाखराला त्याचं काही नाही, फक्त अळीला. पाण्यात मिसळून ऊन उतरल्यावर फवारायचा, कारण तो उन्हाने मरतो. आणि उन्हापासून जपायला त्यात कपड्यांना घालतो ती नीळ टाकायची.

"अळ्यांचे कपडे धुणार काय?" सासूबाई म्हणाल्या. पण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. त्यांनी मॅडमना विचारलं, "माणसाला काय नाय, म्हंजे अगदी काय नाय?"

"काही नाही, मावशी."

"नाकात गेलं तर?"

"तरी नाही."

"आधीच एकदा झालेल्या माणसाला?"

मॅडमना तेव्हा कळलं. त्यांनी बाटली उघडली, बोटावर थेंब घेतला आणि आपल्या हाताला चोळला. "हे बघा. मी आता याच हाताने तुमच्याकडे चहा पिऊन जाणार." आणि प्यायल्या. साबणाने हात धुऊन प्यायल्या, पण प्यायल्या.

शिडी लागली. पंप खाली आला. मामा नवरदेवासारखे तयार झाले. निघताना सासूबाईंनी त्यांना थांबवलं, पंचा पाण्यात बुडवून पिळला आणि त्यांच्या तोंडा-नाकाभोवती बांधला, मागे दोन गाठी मारून. "बाय म्हणाल्या लागत नाय," मामा पंच्याआडून म्हणाले. "बायला म्हणू दे," सासूबाई म्हणाल्या. मग शेतात ते पुढे आणि त्या मागे, प्रत्येक ओळ. वारा कुठून येतो ते त्या सांगत होत्या, आणि ते ऐकत होते.

काही दिवसांनी अळ्या शेंड्याकडे चढू लागल्या. खाणं सोडलेलं. शेंड्याला मागच्या पायांनी उलट्या लटकून राहिल्या, काळपट, लोंबत्या. मॅडम म्हणाल्या होत्या, त्या मेलेल्या अळ्या गोळा करून कुटा, पाण्यात मिसळून गाळा, तेच पुन्हा मारा, नव्या बाटलीची गरज नाही. गोळा केल्या मी. कुटायच्या कशात, यावर घरात मोठं भांडण झालं.

"माझ्या पाट्यावर नाय हां," सासूबाई म्हणाल्या.

"तुमचा पान कुटायचा खल?" मी मामांना विचारलं. त्यांना दात नव्हते, पान ते कुटून खात.

"वेडी का काय तू!" मामांनी खल उचलून पोटाशी धरला.

शेवटी रंगाच्या जुन्या डब्यात दांडक्याने कुटल्या, नाकाला पदर लावून. तो वास मी सांगत नाही. पण त्या डब्यातल्या पाण्याने शेत सावरलं हे खरं.

पुष्कळ शेंगा गेल्याच. कडेच्या ओळींत तर मोजकंच काही राहिलं. पण मधल्या ओळी भरल्या, आणि सासूबाईंनी त्यांना चिंध्या बांधल्या, बियाण्यासाठी. शेंगा वाळल्या, झोडपल्या, दाणे अंगणात उन्हाला पडले. सासूबाई दिवसभर त्यातले भोकाचे दाणे बाजूला काढत बसल्या. पुढच्या हंगामात वाडीतल्या घरोघरी ओंजळ-ओंजळ बी गेलं. जनाकाकूंनी ओच्यात घेतलं आणि विचारलं, "आणि पाखरं गो? तीपण वाटतेस काय?"

आज आमच्या त्या तुकड्याशेजारी गोदामाची भिंत आहे. भिंतीपलीकडे दिवसभर ट्रक मागे घेताना ओरडतात. तरी भिंतीवर कोतवाल बसतो. दुकानात आता अशा बाटल्या सहज मिळतात, मोबाइलवर अळीचा फोटो पाठवला की उत्तरही येतं. मी हे सगळं करते, वेळच्या वेळी, आणि वाल बरा येतो. जनाकाकूंकडे तोच कडवा वाल अजून आहे, त्यांच्या सुनेच्या माहेरीही पोचलाय. मामा आणि सासूबाई दोघंही आता नाहीत, आणि आम्ही पेणला राहतो. माझ्या कामांत ही एक गोष्ट बसत नाही, की शेतात पोचल्यावर मी आधी बांधावर बसते. काही न करता. हे नुसते घड्याळाकडे बघतात.

बी घरोघरी गेलं ते पुढे. पण मला सगळ्यात लख्ख आठवते ती त्याआधीची, शेंगा हिरव्या असतानाची संध्याकाळ. त्या वर्षी पोपटी होणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. सासूबाईंनी त्या तुकड्यातली एकही शेंग कुणाला तोडू दिली नव्हती. आणि त्या दिवशी दिवेलागणीला त्याच स्वतः शेतावरून आल्या, ओच्यात शेंगा भरून. चिंध्या बांधलेल्या ओळी सोडून बाकीच्यातल्या. "मडकं काढा," म्हणाल्या.

आमच्याकडे पोपटीच्या शेंगा धूत नाहीत. पाणी लागलं की त्या शिजतात, भाजत नाहीत. शेतातून थेट मडक्यात. तळाला भांबुर्डी, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, पुन्हा भांबुर्डी, आणि मडकं उपडं करून भोवती पेंढा, काटक्या. जनाकाकू आपल्या मुलाला घेऊन आल्या होत्या. त्यांच्या शेतातल्या शेंगांवर विषारी औषध मारलेलं, म्हणून त्यांनी अंडी आणली होती. मामांनी जाळ लावला. धूर डोळ्यांत जात होता आणि कुणी उठत नव्हतं. मडक्यावर पाणी शिंपडल्यावर चर्रकन वाजलं, तेव्हा ते काठीने ओढून पेंढ्यावर रितं केलं. वाफेबरोबर तो वास आला.

मामांनी पहिली शेंग उचलली, या हातातून त्या हातात नाचवली आणि सोलली. आत दोन दाणे, आणि तिसऱ्या दाण्याच्या जागी भाजलेली अळी. जनाकाकू म्हणाल्या, "घ्या! मटणपण आलं."

मामा शेंग विस्तवाच्या उजेडात धरून बघत राहिले. "औषध मारलं असतं," ते हसत म्हणाले, "तर ही दिसली नसती."

"तुमीपण दिसला नसता," सासूबाई म्हणाल्या.

त्या विस्तवातल्या काटक्या सारत होत्या, मान खाली घालून, आणि बराच वेळ सारत राहिल्या. मामांनी अळी झटकली, ते दोन दाणे तोंडात टाकले. मग ढिगातून चाचपून एक भरलेली शेंग निवडली, ती सोलली, फुंकर घालून दाणे निवू दिले आणि सासूबाईंचा काटकी घेतलेला हात धरून, त्यातली काटकी काढून, तळव्यावर ठेवले.